एकोणीस तासांचा रोजा

रमजान लागला की आमच्या घरी फ्रिजच्या दारावर एक कार्ड चिकटतं. महिन्याच्या तीस ओळी, आणि प्रत्येक ओळीत दोनच वेळा: सहरी किती वाजता संपणार आणि इफ्तार किती वाजता होणार. विजापूर वेशीतल्या बाजारात कापडाच्या दुकानापासून मेडिकलपर्यंत सगळे ही कार्डं फुकट वाटतात. वाचकांपैकी अनेकांनी ती पाहिली असतील. त्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं असतं: ‘फक्त सोलापूर शहरासाठी’.

भूगोलाच्या वर्गात मी दरवर्षी हे कार्ड घेऊन जाते. मुंबईचं कार्डही शेजारी ठेवते आणि मुलांना फरक शोधायला सांगते. एप्रिलमधला रमजान असेल तर आपल्याकडे इफ्तार मुंबईच्या आधी बारा-तेरा मिनिटं होते. कारण साधं आहे. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. सोलापूर मुंबईच्या पूर्वेला तीन अंशांवर आहे. तीन चोक बारा. उरलेलं एखादं मिनिट मुंबई थोडी उत्तरेला असल्यामुळे. घड्याळ दोन्हीकडे एकच असतं, पण सूर्य आधी आपला मावळतो.

वर्गात हे गणित फळ्यावर सुटतं आणि तास संपतो. काही वर्षांपूर्वी एका रमजानात मात्र हेच गणित घरी, अम्मीसमोर मांडायची वेळ आली. ते सोपं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ लंडनमध्ये नोकरी करतो. अर्धा रमजान सरला असताना त्याच्या बायकोचा फोन आला. त्याच्या छातीत दुखत होतं, तपासण्या झाल्या, हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या अडलेल्या निघाल्या. बायपास करायची होती, तारीख मिळाली होती येत्या मंगळवारची. आमचा व्हिसा आदल्या वर्षीच झालेला होता, उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं म्हणून. अम्मीनं फोन ठेवला आणि एकच प्रश्न विचारला, “कित्ता दूर है?”

“सात हजार दोनशे किलोमीटर,” मी म्हणाले.

“वो नहीं. टैम कित्ता लगता?”

अम्मी चौथी शिकलेली. पण तिचा प्रश्न भूगोलाच्या प्राध्यापिकेच्या उत्तरापेक्षा नेमका होता. किलोमीटरमध्ये कोणी कुठे जात नाही. अक्कलकोट किती लांब, असं विचारलं तर आपणही “तासाभराचा रस्ता” असंच सांगतो. जुन्या काळी अंतर वेळेतच मोजायचे. शरियतमध्येही तसंच आहे. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात, सूरह अल-बकरहमध्ये, रोज्याचा हुकूम आहे आणि त्याच जागी सवलतही आहे: जो आजारी असेल किंवा प्रवासात असेल, त्यानं राहिलेले रोजे नंतर कधी तरी पूर्ण करावेत. मग प्रवासात असलेला, म्हणजे मुसाफिर, कुणाला म्हणायचं? हनफी परंपरेतल्या जुन्या विद्वानांनी त्याचं माप ठरवलं ते तीन दिवसांच्या वाटेचं, पायी किंवा उंटावरून. पुढे रस्ते आले, गाड्या आल्या, तेव्हा उलेमांनी त्याच तीन दिवसांचं अंतर काढलं. आपल्याकडे ते साधारण ७७-७८ किलोमीटर धरतात. म्हणजे मूळ माप वेळेचं, किलोमीटर नंतर आले.

आणि तीन दिवसांची वाट म्हणजे काय, हे मुंबई-लंडन प्रवासाइतकं चांगलं क्वचितच कुठे दिसेल. बोटीच्या काळात सुएझमार्गे या प्रवासाला आठवडे लागायचे. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघालं, ती त्या कंपनीची पहिली आंतरराष्ट्रीय फेरी. कैरो आणि जिनिव्हाला थांबत ते १० जूनला पोहोचलं. तारखांनी मोजलं तर तीन दिवस. आज तेच अंतर दहा तासांच्या आत पार होतं. मुंबई आणि लंडन या काळात फारसे जवळ आलेले नाहीत.

तिकीट मिळालं रविवारचं, दुपारी दीडचं. तिकीट हातात आलं आणि मी सवयीनं कागद-पेन घेऊन बसले.

त्या दिवशी सहरी संपणार होती पहाटे पाच वाजून पाच मिनिटांनी. घरी असतो तर रोजा सुटला असता संध्याकाळी पावणेसातच्या आधी, म्हणजे साडेतेरा तासांत. पण आम्ही पश्चिमेला जाणार होतो, सूर्य जातो त्याच दिशेला. मुंबई सुमारे ७३ अंश पूर्वेला, लंडन जवळजवळ शून्यावर. ७३ गुणिले चार मिनिटं, म्हणजे चार तास बावन्न मिनिटं. इतका उशिरा सूर्य लंडनला मावळणार. शिवाय एप्रिलमध्ये उत्तरेकडचे दिवस मोठे व्हायला लागलेले असतात, त्याचा आणखी अर्धा तास. लंडनचा सूर्यास्त त्यांच्या घड्याळात सात शेहेचाळीसला होता. तेव्हा सोलापुरात रात्रीचे सव्वाबारा वाजून गेलेले असणार.

बेरीज केली. एकोणीस तास अकरा मिनिटं.

अम्मी तेव्हा बहात्तर वर्षांची. साखरेच्या दोन गोळ्या सुरू. डॉक्टरांनी रोज्याला परवानगी दिली होती ती अटीवर: साखर मोजत राहायची, सत्तरच्या खाली आली तर वेळ न बघता काही तरी खायचं. एकोणीस तासांचं ऐकून त्यांनी फोनवरच “अजिबात नाही” म्हटलं. आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांनीही सांगितलं की सवलत स्पष्ट आहे, आपा आजारीही आहेत आणि मुसाफिरही आहेत, नंतर कझा रोजा ठेवावा. कझा म्हणजे राहून गेलेल्या दिवसाच्या बदल्यात नंतर ठेवायचा रोजा.

अम्मीचा मुद्दा वेगळा होता. “सवलत उंटवाल्यांसाठी होती,” ती म्हणाली. “वाळवंट, ऊन, पाणी नाही. मी तर खुर्चीत बसून जाणार. गार हवा, वर कोणी तरी पाणी आणून देणार. कसली मुसाफिर मी?”

त्यामागचं कारण तिनं रात्री सांगितलं. इफ्तारच्या घडीला रोजेदारानं मागितलेली दुआ रिकामी परत येत नाही, अशी श्रद्धा आहे. मंगळवारी मुलाची छाती उघडणार. त्याआधी तिच्या हातात दोन इफ्तार होत्या, रविवारची आणि सोमवारची. त्यातली एक तिला घालवायची नव्हती.

यावर मी काय बोलणार? ग्लुकोमीटर, खजूर आणि गोळ्या पर्समध्ये ठेवल्या.

शनिवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघालो. सोलापूर-मुंबई ४५५ किलोमीटर, आठ तास. पुढच्या ७२०० किलोमीटरना लागणार होते पावणेदहा. सहरीची आठवण मोबाइलनं करून दिली तेव्हा गाडी घाट उतरून कर्जतच्या पुढे आली होती. डबा झोपलेला. आम्ही दोघींनी मोबाइलच्या उजेडात ज्वारीची भाकरी, दही आणि दोन-दोन खजूर खाल्ले. पाच वाजून पाच मिनिटांनी अम्मीनं पाण्याची बाटली बंद केली.

विमानात अम्मी डावीकडच्या खिडकीशी, मी मधे, आणि कडेच्या खुर्चीवर साधारण अम्मीच्याच वयाच्या एक काकू. बार्शीच्या निघाल्या. लेकीच्या बाळंतपणाला चालल्या होत्या. बार्शी म्हटल्यावर ओळख निघायला पाच मिनिटं पुरली. जेवणाचे ट्रे आले तेव्हा आम्ही दोघींनी नको म्हटलं, काकूंनीही नको म्हटलं. हवाई सुंदरीनं आमच्या रांगेकडे जरा आश्चर्यानंच पाहिलं.

“माझी संकष्टी आहे,” काकू म्हणाल्या. “तुमचे रोजे चालू असतील ना?”

चतुर्थीचा चंद्र आणि रमजानचा चंद्र एकच असल्यामुळे हे दरवर्षीच होतं, पण कुणाच्या लक्षात येत नाही. रमजान अमावस्येनंतरच्या चंद्रकोरीनं सुरू होतो, म्हणून संकष्टी नेहमी सतराव्या-अठराव्या रोज्याच्या आसपास पडते. त्या दिवशी हिंदू शेजारीण चंद्रोदयाची वाट पाहते, मुसलमान शेजारीण सूर्यास्ताची. आपल्या गल्ल्यांमध्ये हे वर्षानुवर्षं चालत आलेलं आहे. दोघींच्याही भिंतीवर गावागावाच्या वेळा छापलेला कागद असतो.

काकूंची अडचण आमच्याहून बिकट होती. मुलीनं फोनवर सांगितलं होतं की तिकडे त्या रात्री चंद्र उगवायला मध्यरात्र होईल. “मग मी ठरवलं,” त्या म्हणाल्या, “बार्शीचा चंद्र धरायचा. रात्री दहाच्या सुमाराला घरी सूनबाई नैवेद्य दाखवेल, तेव्हा मी इथे हात जोडून खाणार. गणपतीला कळतं आपण कुठले ते.”

अम्मीला हे फार आवडलं. पण तिला स्वतःला तसं करता येत नव्हतं. रोज्याचा नियम असा की माणूस जिथे असेल तिथला सूर्य धरायचा. खिडकीतून सूर्य दिसत असेल तर खाली जमिनीवर अंधार पडलेला असला तरी चालत नाही. उंचीचाही हिशेब होतो. दुबईतल्या बुर्ज खलिफाचे वरचे मजले इतके उंच आहेत की तिथून सूर्य थोडा जास्त वेळ दिसतो. म्हणून २०११ साली तिथल्या मुफ्तींनी सांगितलं की ऐंशीव्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटं उशिरा सोडावा, दीडशेच्या वर राहणाऱ्यांनी तीन मिनिटं. आमचं विमान त्या इमारतीच्या दहापट तरी उंच होतं.

बार्शीच्या काकूंसारखा विचार मुसलमान विद्वानांनीही केलेला आहे, तो अवकाशासाठी. २००७ च्या रमजानात मलेशियाचे शेख मुझफ्फर शुकोर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेले. तिथे चोवीस तासांत सोळा वेळा सूर्य उगवतो नि मावळतो. मलेशियाच्या उलेमांनी त्यांच्यासाठी खास पुस्तिका काढली. नमाजच्या वेळा जिथून यान सुटलं त्या गावाच्या धराव्यात, आणि रोजे परत आल्यावर ठेवले तरी चालतील, असं त्यात होतं. जिथे सूर्यच विश्वासाचा उरत नाही, तिथे निघालेल्या गावाचं घड्याळ कामी येतं.

आमचा सूर्य मात्र विश्वासाचा होता. तो हलतच नव्हता.

हे मला आधीपासून माहीत होतं, पण डोळ्यांनी बघणं वेगळं. सूर्य तासाला पंधरा अंश पश्चिमेला सरकतो. आमचं विमान पावणेदहा तासांत ७३ अंश जाणार होतं, म्हणजे तासाला साडेसात. बरोबर निम्मं. त्यामुळे खिडकीतला सूर्य निम्म्या वेगानं चालत होता. घड्याळाचे दोन तास गेले की आकाशात एक तास सरायचा. विमान याहून उत्तरेकडून, साठ अंश अक्षांशावरून सरळ पश्चिमेला गेलं असतं, तर सूर्य खिळल्यासारखा एकाच जागी राहिला असता. तिथे पृथ्वीचा घेर निम्माच असतो, सूर्याच्या बरोबरीनं राहायला ताशी ८३५ किलोमीटर पुरतात, आणि प्रवासी विमानं तेवढ्या वेगानं सहज जातात.

समोरच्या पडद्यावर नकाशा होता. अम्मी अधूनमधून त्याकडे बघे. “ये टेढ़ा कायको जा रहा?” तिनं विचारलं. वळणदार रेघ बघून हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. चेंडूवर दोन ठिपके काढून दोरा ताणला तर दोरा जिथून जाईल ती सर्वांत जवळची वाट. सपाट कागदावर तीच वाट कमानीसारखी दिसते. मुंबई-लंडनचा असा दोरा ताणला तर तो इराण, काकेशसचे डोंगर, काळ्या समुद्राचा वरचा काठ आणि युक्रेन यांवरून जातो. पण युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून, युद्ध सुरू झाल्या दिवसापासून, प्रवासी विमानांना बंद आहे. म्हणून विमान दक्षिणेकडून वळसा घेत होतं. अम्मीला मी एवढंच सांगितलं, “सरळ रस्त्यावर लढाई चालू आहे.” ती बराच वेळ नकाशाकडे बघत राहिली.

वाऱ्याचाही हिशेब असतो. आपल्या अक्षांशांपासून उत्तरेला, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. जाताना ते नाकावर येतात, परतताना पाठीवर. म्हणून लंडनहून मुंबईला यायला तासभर कमी लागतो. वाऱ्याची किंमत किती असते याचं एक उदाहरण मी वर्गात सांगते. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियानं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी उलट बाजूनं, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. ही वाट सुमारे १४०० किलोमीटर लांब, जवळजवळ १५,३०० किलोमीटरची. तरी विमान साडेचौदा तासांत पोहोचलं, आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर. वारा पाठीशी होता, इतकंच. लांबची वाट आधी पोहोचवते, हे मुलांना पटायला वेळ लागतो.

सहा वाजून चाळीस मिनिटं झाली तेव्हा अम्मीनं मनगटाकडे पाहिलं. तिनं घड्याळ बदललं नव्हतं. सोलापुरात सायरन झाला असेल, मशिदीत खजुराची ताटं फिरली असतील. खाली तुर्कस्तान होता आणि खिडकीत चांगलं ऊन. तिथल्या सूर्यानुसार दुपारचे चार वाजले होते. लंडनमध्ये तर दोन वाजून गेले होते. एकाच क्षणाच्या या तीन वेळा. अम्मीच्या पोटाला मात्र पहिलीच कळत होती.

सातच्या सुमाराला तिचा हात माझ्या हातावर आला तो गार आणि ओला. बोटं थरथरत होती. मी यंत्र काढलं. थेंब घेतला. आकडा आला सहासष्ट.

“अम्मी, खजूर खा.”

तिनं मान हलवली. “कित्ता बचा?”

पडद्यावर सव्वाचार तास होते. उतरल्यावर सूर्यास्ताला आणखी तास. मी खोटं बोलू शकत नव्हते. “पाच तासांच्या वर.”

“बैठती मैं.”

काकू पुढे झुकून बघत होत्या. त्यांनी काही उपदेश केला नाही. पर्समधून डबा काढला आणि झाकण उघडून मांडीवर ठेवला. राजगिऱ्याचे लाडू होते.

मला त्या क्षणी जे सुचलं ते आदल्या तीन दिवसांत सुचलं नव्हतं. मी म्हणाले, “अम्मी, तू उंटाचं म्हणालीस ना? उंटावरच्या माणसाचाही सूर्य वेळेवर मावळायचा. तीन दिवस चालला तरी त्याचा दिवस मिनिटा-दोन मिनिटांनी बदलायचा. त्याला तेरा-चौदा तासच काढायचे होते. तुझा सूर्य आम्ही धरून ठेवलाय. उंटवाल्याहून तू मोठी मुसाफिर आहेस.”

ती ऐकत होती.

“आणि दुआचं म्हणशील, तर ज्यांची दुआ परत फिरत नाही त्यांत हदीसमध्ये मुसाफिरही आहे. आणि लेकरासाठी मागणारे आई-बापही आहेत. तू तर दोन्ही आहेस.”

अम्मीनं खिडकीकडे तोंड केलं. मला वाटलं ती रागावली. मग दिसलं की तिनं हात उचलले आहेत. बराच वेळ ओठ हलत होते. माझ्या भावाचं नाव मी दोनदा ऐकलं. नंतर तिनं हात चेहऱ्यावरून फिरवले, माझ्याकडून खजूर घेतला, खाल्ला, पाणी प्यायलं. सूर्य समोरच होता. काकूंनी डबा पुढे केला, तिनं लाडूही घेतला.

“ये बहुत अच्छा है,” ती काकूंना म्हणाली. “कैसे बनाते?”

पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली तर साखर नव्वदच्या वर गेली होती. काळ्या समुद्रावर पोहोचेपर्यंत दोघी राजगिरा भाजताना आच किती ठेवायची यावर बोलत होत्या, एक मराठीत, एक दखनीत. दहाच्या सुमाराला काकूंनी डोळे मिटून हात जोडले आणि डब्यातला लाडू तोंडात टाकला. तोपर्यंत आम्ही युरोपवर होतो. खाली ढग होते आणि ऊन अजून तसंच.

आता रोजा फक्त माझा राहिला होता.

लंडनला उतरलो तेव्हा तिथे पावणेसात. पासपोर्ट तपासायच्या रांगेत उभ्या राहिलो. त्या रांगेत कुणाच्या डोक्यावर पगडी, कुणाच्या हिजाब, कुणाच्या कडेवर झोपलेलं मूल. सात शेहेचाळीस झाले तेव्हा मी अजून रांगेतच होते. बॅगेतून खजूर काढला. मागे वळून बघते तर तीन-चार जण तेच करत होते. एक तरुण मुलगा, बहुधा आफ्रिकेतला, रिकाम्या हातानं उभा होता. अम्मीनं त्याला खुणेनं बोलावलं आणि आमच्या पुडीतला खजूर दिला. त्याचा रोजा किती तासांचा होता, तो पूर्वेकडून आला होता की दक्षिणेकडून, मला माहीत नाही. दक्षिणेकडून सरळ वर आला असेल तर त्याचा दिवस फारसा लांबला नसेल. रांगेतल्या प्रत्येकाचा दिवस वेगवेगळ्या लांबीचा होता, पण शेवट सगळ्यांचा एकाच मिनिटाला झाला.

सोमवारी अम्मीनं रोजा ठेवला, लंडनच्या वेळेनं, साखर मोजत मोजत. भावाच्या घरी इफ्तार झाली, त्याच्याच शेजारी बसून. मंगळवारी ऑपरेशन झालं. तो आता बरा आहे, रोज तीन किलोमीटर चालतो आणि आम्हाला फोटो पाठवतो. कुठली दुआ लागली, विमानातली की सोमवारच्या इफ्तारची, यावर अम्मी कधी बोलली नाही. मीही विचारलं नाही. डॉक्टरांचे हात होतेच.

पुढच्या वर्षी वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी म्हणाला, “मॅडम, मग रमजानमध्ये पूर्वेकडेच उडत राहावं. दिवस लवकर मावळतो.” त्याचं गणित बरोबर आहे. लंडनहून सकाळी मुंबईकडे निघालेल्या रोजेदाराला सूर्य समोरून येऊन ओलांडून जातो, आणि रोजा नेहमीपेक्षा काही तास आधी सुटतो. वर्ग हसला. मी त्याला पूर्ण गुण दिले आणि सांगितलं की तिकिटाचे पैसे मात्र स्वतः भरायचे.

अम्मीचा राहिलेला रोजा तिनं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ठेवला. कझा कधीही ठेवता येतो, पुढच्या रमजानच्या आधी ठेवलेला बरा. थंडीतला दिवस आपल्याकडे लहान. पहाटे पावणेसहापर्यंत सहरी, सहाच्या आत सूर्यास्त. मी कॉलेजातून आले तेव्हा ती दारात खुर्ची टाकून बसली होती, समोर बार्शीहून आलेला डबा. काकूंची सून दवाखान्याच्या कामाला सोलापुरात आली की डबा देऊन जाते, हे तेव्हापासून चालू आहे.

अजान झाली. अम्मीनं खजूर खाल्ला, मग लाडू.

“हिसाब कर,” ती म्हणाली. “उस दिन का कित्ता था, आज का कित्ता हुआ?”

मी केला. तेव्हाचे एकोणीस तास अकरा मिनिटं. आजचे साधारण सव्वाबारा.

“म्हणजे जवळजवळ सात तास त्यानं माफ केले,” अम्मी म्हणाली, आणि डबा माझ्याकडे सरकवला.